'तू' म्हणजे नक्की कोण? यूटूची गाणी नीट वाचायची एक पद्धत

५ जुलै २००५. पोलंडमधल्या होझूफच्या स्टेडियममध्ये यूटू या आयरिश रॉक बँडनं 'न्यू इयर्स डे' हे गाणं वाजवायला घेतलं आणि समोरच्या हजारो लोकांनी लाल आणि पांढरे कपडे हवेत धरले. बघता बघता अख्खं स्टेडियम म्हणजे पोलंडचा झेंडा झालं. हे चाहत्यांनी आधी आपापसांत ठरवून केलं होतं. गंमत अशी, की ज्या गाण्यावर हा झेंडा उभा राहिला त्यात पोलंडचं नाव एकदाही येत नाही. आणि बँडचा गायक बोनोनं ते लिहायला घेतलं तेव्हा त्याच्या मनात पोलंड नव्हताच. नुकतंच लग्न झालेली त्याची बायको ॲली होती.

मग होझूफचे लोक चुकले का? मला तसं मुळीच वाटत नाही. पण त्यांचं बरोबर कसं, हे सांगता यायला हवं, नाहीतर 'ज्याला जे वाटेल तो अर्थ' म्हणून विषय संपतो आणि गाण्यावर अन्याय होतो. मी ही गाणी बरीच वर्षं ऐकत आले आहे, वहीत उतरवत आले आहे. त्यातून हाताशी आलेली पद्धत इथे पायरीपायरीनं मांडते. दोनच गोष्टी मनाशी पक्क्या धरायच्या: गाण्यातला 'तू' कोण हे प्रत्येक वेळी नव्यानं शोधायचं, आणि जो अर्थ सापडेल त्यावर तारीख घालायची.

नव्यानं ऐकणाऱ्यांसाठी थोडक्यात. १९७६ साली डब्लिनमधल्या एका शाळेच्या फलकावर लॅरी मलननं बँडसाठी सूचना लावली. त्यातून गायक बोनो, गिटारवादक एज, बास वाजवणारा ॲडम क्लेटन आणि ड्रमवर लॅरी हे चौघं एकत्र आले. पहिला अल्बम १९८० चा. या लेखात वारंवार येणारे अल्बम म्हणजे १९८३ चा 'वॉर' आणि १९९१ चा 'अख्तुंग बेबी'.

पहिली पायरी: शब्द न बघता ऐका

बोलांचा कागद समोर घेऊन बसायची घाई करू नका. यूटूच्या बाबतीत याला एक ठोस कारण आहे. बोनो बहुतेक वेळा आधी चालीवर अर्थ नसलेले आवाज गातो. बँडमध्ये त्या भाषेला 'बाँगलीज' म्हणतात. सूर, चढउतार, कुठे आवाज फाटायचा हे आधी ठरतं, शब्द मागून येतात आणि त्या आवाजांच्या मापात बसवले जातात. म्हणजे गाण्याचा पहिला मसुदा आवाजाचा असतो. तो आधी वाचायला हवा.

पहिल्या ऐकण्यात फक्त तीन गोष्टी टिपा: आवाज कुठे चढतो, ड्रम कुठे येतात किंवा बदलतात, आणि शब्द कुठे संपून नुसता आवाज उरतो. 'विथ ऑर विदाउट यू' घ्या. सुरुवातीला बोनो जवळजवळ कानात बोलल्यासारखा गातो. ड्रम आणि गिटार हळूहळू भरत जातात. गाणं शिगेला पोचतं तेव्हा त्याच्याकडे शब्दच नसतात, नुसती आर्त हाक असते. या गाण्यातला 'तू' बायको की देव की प्रसिद्धी, यावर चाहते कितीही बोलोत, ती बिनशब्दांची हाक ज्या अर्थात मावत नाही तो अर्थ मी बाजूला ठेवते. उलट 'संडे ब्लडी संडे'मध्ये लॅरीचा ड्रम पहिल्या ठोक्यापासून लष्करी संचलनासारखा चालतो. शब्द कळण्याआधीच पायांखाली सैन्य येतं.

जाता जाता 'ऑक्टोबर' या १९८१ च्या अल्बमबद्दल एक सावधगिरी. त्या वर्षी अमेरिकेत पोर्टलंडला बोनोची बोल लिहिलेले कागद असलेली बॅग गेली, ती थेट २००४ मध्ये परत मिळाली. स्टुडिओत वेळेच्या ताणाखाली बरेच शब्द पुन्हा जमवावे लागले. त्या अल्बममध्ये ओळीओळीत गुप्त संकेत शोधत बसू नये.

दुसरी पायरी: प्रत्येक 'यू'भोवती गोल करा आणि ती ओळ मराठीत आणा

ही पायरी मला सगळ्यात जवळची, आणि मराठी वाचकाला ती आयती मिळालेली आहे. इंग्रजीतला 'यू' सगळं झाकून ठेवतो. एक माणूस की अनेक, बाई की पुरुष, जवळचा की मानाचा, काही कळू देत नाही. मराठीत तशी सोय नाही. 'तू' की 'तुम्ही', 'गेलास' की 'गेलीस' की 'गेलात', हे ठरवल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही. ते ठरवताना हात जिथे अडतो, तिथे गाण्याची खरी गाठ असते.

करायचं असं. बोल हातानं उतरवा. यू, आय, वी, दे यांच्याभोवती गोल करा. मग एकेका कडव्याचं साधं, बिनयमकाचं मराठी करा. कविता व्हायची गरज नाही. एकदा समोर जोडीदार आहे असं धरून करा, मग दुसऱ्या कोणाला तरी समोर बसवून तेच कडवं पुन्हा करा. दोन्हीत सहज बसणाऱ्या ओळी सोडून द्या. ज्या ओळी एका रूपात उसवतात त्यांच्याखाली रेघ मारा.

'अख्तुंग बेबी'वरचं 'अन्टिल द एंड ऑफ द वर्ल्ड' हे गाणं पहिल्या झटक्यात दुखावलेल्या प्रियकराचं वाटतं. तसं मराठी करत गेलात की बऱ्याच ओळी छान लागतात: जेवणाचं टेबल, दारू, शेवटची भेट. मग एक बाग येते, आणि बागेत एक चुंबन, ज्यानं समोरच्याचं काळीज तुटतं. इथे थांबावंच लागतं. बागेत चुंबन घेऊन दगा देणारा म्हणजे बायबलमधला शिष्य यहूदा, आणि समोरचा त्याचा गुरू येशू. आता तेच कडवं 'गेलास' वापरून, शिष्यानं गुरूशी बोलावं तसं पुन्हा करा. जेवण 'शेवटचं भोजन' होतं आणि एकही ओळ मोडत नाही.

'आय विल फॉलो'ला मी कित्येक वर्षं प्रेमाची आण समजत होते. बोनोची आई आयरिस १९७४ साली गेली, तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. गाण्यातलं प्रेम आईचं मुलावरचं आहे, हे त्यानंच सांगितलंय. मराठी करताना एक विलक्षण गोष्ट ध्यानात येते: आपण आईला 'तू' म्हणतो, देवाला 'तू' म्हणतो आणि प्रियकरालाही 'तू'च. तेव्हा 'तू' वापरला म्हणून गाणं प्रेमगीत ठरत नाही. तू आणि तुम्ही यांच्यातला फरक जवळ आणि दूर यांचा आहे. म्हणूनच 'समटाइम्स यू कान्ट मेक इट ऑन युअर ओन' मला सर्वांत अवघड गेलं. नातं माहीत नसेल तर ते रुसलेल्या जोडप्याचं वाटतं. शेवटाकडे एक शब्द येतो, 'ऑपेरा', आणि सगळं उलगडतं. बोनोचे वडील बॉब ह्यूसन यांना ऑपेराचं वेड होतं. ते ऑगस्ट २००१ मध्ये गेले आणि बोनोनं हे गाणं त्यांच्या अंत्यविधीत गायलं. माझ्या वहीत पहिली कडवी 'तुम्ही'मध्ये आहेत आणि ऑपेराची ओळ 'तू'मध्ये. कडक बापाशी मुलगा आयुष्यभर अंतर राखून बोलतो, तो शेवटी जवळ जातो, असं मला तिथे ऐकू येतं. तुमचा निर्णय वेगळा असू शकेल, पण निर्णय घ्याच.

आता राजकारणाकडे. १९९७ चं 'प्लीज' वाचताना समोर एक हट्टी, स्वतःच्या दुःखाला कवटाळून बसलेला माणूस दिसतो. भांडणानंतरची विनवणी म्हणून ते पूर्ण चालतं. पण त्या सिंगलच्या मुखपृष्ठावर चार चेहरे आहेत: जेरी ॲडम्स, डेव्हिड ट्रिंबल, इयन पेझ्ली आणि जॉन ह्यूम. ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडला जोडायचं, या उत्तर आयर्लंडच्या संघर्षातले चार नेते. आता त्याच ओळी 'तुम्ही'त करून बघा. मला तरी 'तू'चं रूपच जास्त टोचलं. नेत्यांना भाषण ठोकणं सोपं असतं. त्यांच्यापुढे गुडघे टेकून, घरातल्या माणसाला सांगावं तसं 'ऊठ की आता' म्हणणं, हे या गाण्याचं राजकारण आहे.

तिसरी पायरी: टणक शब्द आणि तारखांचा तक्ता

टणक शब्द म्हणजे ज्याला बोट लावून दाखवता येतं असा शब्द: जागा, वार, वस्तू, वेळ. 'ऑपेरा' तसाच. प्रेम, स्वातंत्र्य, आशा हे शब्द कुठेही चिकटतात, त्यांच्यावर अर्थ उभा करू नका.

मग वहीत तीन रकाने पाडा: गाणं लिहिलं कधी, बाहेर आलं कधी, आणि ज्या घटनेशी ते जोडलं जातं ती कधी घडली. 'न्यू इयर्स डे'चा तक्ता असा होतो. १३ डिसेंबर १९८१ ला पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाला आणि सॉलिडॅरिटी या कामगार चळवळीचे नेते लेख वावेंसा यांना स्थानबद्ध केलं गेलं. १९८२ च्या ऑगस्टमध्ये बोनोचं लग्न झालं. त्यानंतर बायकोसाठीच्या गाण्यात शब्द जुळवता जुळवता सॉलिडॅरिटी शिरली. गाणं रेकॉर्ड झाल्यावर बातमी आली, की लष्करी कायदा नव्या वर्षाच्या तोंडावर स्थगित होतोय. तो ३१ डिसेंबर १९८२ ला स्थगित झाला, आणि जानेवारी १९८३ मध्ये सिंगल बाजारात आलं. आता भांडण उरतंच कुठे? 'तुझ्याजवळ असावं' ही ओढ बायकोसाठी सुरू झाली आणि तुरुंगात पडलेल्या माणसाच्या घरच्यांनाही तीच ओढ असते. ओळ एकच, ती बोलणारी माणसं दोन. तिसरी माणसं होझूफला २००५ मध्ये आली.

याच 'वॉर' अल्बमवरच्या 'संडे ब्लडी संडे'चा जन्म नेमका उलट्या बाजूनं झाला, हे मला फार सुंदर वाटतं. बोनो मधुचंद्राला गेला होता. मागे एज एकटा, आपल्याला गाणी लिहिता येतात का या शंकेत, त्यात मैत्रिणीशी भांडण झालेलं. त्या रागातून त्यानं गिटारवर ती धून काढली आणि पहिले शब्द लिहिले. नवलग्नाच्या प्रेमातून पोलंडचं गाणं निघालं आणि प्रेमातल्या भांडणातून उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहराचं. प्रेमगीतं आणि राजकीय गाणी अशा दोन यादी करायला बसाल तर ही दोन्ही कुठल्या यादीत टाकाल?

डेरीचा तक्ताही करू. ३० जानेवारी १९७२, रविवार: नागरी हक्कांसाठी निघालेल्या मोर्चावर ब्रिटिश पॅराट्रूपर्सनी गोळीबार केला, १३ जण त्याच दिवशी गेले, एक जखमी नंतर दगावला. पण आयर्लंडच्या इतिहासात 'रक्तरंजित रविवार' आणखी एक आहे: २१ नोव्हेंबर १९२० ला डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात सामना बघायला आलेल्या गर्दीवर झालेला गोळीबार. आणि शेवटच्या कडव्यात येशूच्या विजयाचा रविवार येतो, म्हणजे तो पुन्हा जिवंत झाला तो ईस्टरचा. शीर्षकात 'संडे' दोनदा आहे, माझ्या तक्त्यात तो तीनदा आला. त्या तिसऱ्या रविवाराकडे दुर्लक्ष करून केलेला कुठलाही अर्थ मला अपुरा वाटतो.

गाण्यात तथ्याची चूक निघाली तर? 'प्राइड' मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर आहे आणि त्यांचा जीव घेणारी मेंफिसमधली गोळी पहाटे सुटली असं त्यात म्हटलंय. प्रत्यक्षात ४ एप्रिल १९६८ ला संध्याकाळी सहानंतर ती सुटली. बोनोनं नंतर मंचावर ती वेळ दुरुस्त करून गायली. चूक वहीत नोंदवा आणि पुढे जा.

चौथी पायरी: मंचावर गाण्याचं काय झालं ते बघा

रेकॉर्डवरचे बोल बदलत नाहीत, पण कॉन्सर्टमध्ये ते कोणाला उद्देशून म्हटले गेले ते बदलतं. 'संडे ब्लडी संडे'च्या सुरुवातीच्या मसुद्यात सशस्त्र संघटनांची थेट नावं होती. ती काढून टाकली गेली. अंतिम बोलांत कोणाचंच नाव नाही, म्हणून ऐकणारे आपापल्या बाजूची नावं भरू लागले. काहींना ते बंडाचं गाणं वाटलं. १९८३ च्या दौऱ्यात बोनो गाण्याआधीच सांगू लागला, की हे बंडखोरांचं गाणं नाही, आणि पांढरं निशाण घेऊन मंचावर फिरू लागला. ८ नोव्हेंबर १९८७ ला उत्तर आयर्लंडमधल्या एनिस्किलनमध्ये युद्धात गेलेल्यांच्या स्मरणासाठी जमलेल्या लोकांत ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेचा बॉम्ब फुटला. त्याच दिवशी यूटूचा कार्यक्रम डेन्व्हरला होता. गाण्याच्या मध्येच थांबून, अमेरिकेत बसून मायदेशातल्या क्रांतीचे गोडवे गाणाऱ्यांवर बोनो तुटून पडला. त्याचं चित्रण उपलब्ध आहे. ते बघा, फक्त त्याचा चेहरा आणि आवाज बघा. १९७२ च्या सैनिकांच्या गोळीबारावरचं गाणं त्या संध्याकाळी दुसऱ्या बाजूच्या बॉम्बवर बोलत होतं. वहीत हा अर्थ '८ नोव्हेंबर १९८७' या तारखेखाली लिहायचा. आधीचा खोडायचा नाही.

तारीख का घालायची ते 'वॉक ऑन' शिकवतं. २००० साली आलेलं हे गाणं नजरकैदेत असलेल्या ब्रह्मदेशातल्या लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू ची यांना अर्पण केलं होतं. त्या अल्बमवर ब्रह्मदेशात बंदी आली. सू ची यांचे पती मायकेल ॲरिस १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये वारले. आजारपणात त्यांना व्हिसा मिळाला नाही, आणि सू ची देश सोडून गेल्या असत्या तर परतता आलं नसतं. घर आणि देश यांतलं एक निवडलेल्या बाईचं हे गाणं, म्हणून त्यात प्रेम आणि राजकारण वेगळं काढताच येत नाही. सप्टेंबर २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या हल्ल्यानंतरच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात तेच गाणं शोकाचं झालं. आणि २०१७ मध्ये रोहिंग्यांवर अत्याचार होत असताना सू ची गप्प राहिल्या तेव्हा यूटूनंच जाहीरपणे म्हटलं, की हे मौन आता संमतीसारखं दिसू लागलंय. मला हे सोसायला जड गेलं. मी ते गाणं काही महिने लावलंच नाही. मग पुन्हा बोल उतरवले. त्यात कोणाचंही नाव नाही. घर सोडून चाललेल्या कोणालातरी धीर देणारा आवाज आहे, आणि २०१७ साली घर सोडून चाललेले लोक वेगळे होते. अर्पणपत्रिकेवर २००० ही तारीख राहू दे, पुढच्या रकान्यात पुढचे लोक लिहा.

पाचवी पायरी: लिहिणाऱ्याचं म्हणणं तोलून घ्या

चाहत्यांच्या गप्पांत 'पण बोनोनंच असं म्हटलंय' हे शेवटचं हत्यार असतं. ते साक्ष म्हणून घ्या, निकाल म्हणून नको. १९८१ चं 'टुमॉरो' आपण उत्तर आयर्लंडच्या हिंसेवर लिहितोय असं बोनोला वाटत होतं: दार वाजतंय, बाहेर काळी गाडी उभी आहे, उघडू नका. पुढे केव्हातरी त्याला कळलं, की ती गाडी त्याच्या आईच्या अंत्ययात्रेची होती. एकवीस वर्षांच्या पोराला स्वतःच्या शोकाला हात घालवत नव्हता, म्हणून त्यानं तो बातम्यांत नेऊन ठेवला. गाणं त्याच्याआधी ते जाणून होतं.

म्हणून मुलाखतीवरही तारीख घाला. त्या वेळचं बोलणं आणि तीस वर्षांनंतरची आठवण यांचं वजन सारखं नसतं. एज आणि बाकीचे काय म्हणतात तेही बघा. आणि गप्पांमध्ये एकच नियम पाळा: अर्थ सांगणाऱ्यानं ओळीवर बोट ठेवून दाखवायचं. एवढ्यानं निम्मे वाद मिटतात आणि उरलेले रंगतात.

सहावी पायरी: एक गाणं पूर्ण करा

सरावासाठी 'अख्तुंग बेबी'वरचं 'वन' घ्या. आवाज: कुठेही घाई नाही, थकलेला सूर, शेवटी उंच जाणारी हाक. तारखा: बँड बर्लिनला उतरला तो ३ ऑक्टोबर १९९० ला, जर्मनी एक झाली त्याच दिवशी. हान्सा स्टुडिओत मात्र चौघांचं एकमेकांशी पटेना, बँड फुटायच्या बेतात आला होता. एजचा संसारही त्याच सुमारास मोडत होता. दुसऱ्याच गाण्यासाठी तो वाजवत असलेले दोन तुकडे जोडून बघितले आणि हे गाणं भराभर जमून आलं. १९९२ च्या सिंगलचं उत्पन्न एड्सच्या संशोधनाला दिलं गेलं.

आता 'यू'भोवती गोल करा. बायको, बँडमधला मित्र, दुभंगलेला देश, सगळे बसतात. आणखी एक माणूसही बसतो: आपण समलिंगी आहोत हे बापाला सांगायला घाबरणारा मुलगा. बोनोनं या गाण्याबद्दल बोलताना त्या बापलेकांचा उल्लेख केलाय. मराठीत करून बघाल तर दिसेल, की जवळजवळ प्रत्येक वाक्य एकतर प्रश्न आहे किंवा तक्रार. लोक हे गाणं लग्नात लावतात याचं बँडला नवल वाटत आलंय, कारण त्यांच्या लेखी ते वेगळं होण्याचं गाणं आहे. मी दोन्ही बाजूंचं म्हणणं मनापासून ऐकते आणि मग धृपदाशी जाते. तिथे एकमेकांना वाहून नेण्याची ओळ आहे. बहुतेक जण ती 'गॉट टू' अशी ऐकतात, म्हणजे न्यायलाच हवं, कर्तव्य. बोनो गातो 'गेट टू'. एजनं या एका शब्दाकडे मुद्दाम लक्ष वेधलंय. माझ्या वहीत आधी लिहिलं होतं, 'आपल्याला एकमेकांना वाहून न्यावं लागतं.' ते खोडून वर लिहिलं आहे, 'आपल्याला एकमेकांना वाहून न्यायला मिळतं.'